चालू किराणा दुकान विकत घेताय? टोकन द्यायच्या आधी हे सगळं बघा

"चालू किराणा दुकान मालासकट देणे आहे, कस्टमर सेट, रोजचा गल्ला २० हजार, घरगुती कारणामुळे." एरियाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज सारखा पडत असतो. नवीन दुकान टाकून गिऱ्हाईक जमवण्यात वर्ष-दीड वर्ष घालवण्यापेक्षा चालू दुकान घ्यावं, दुसऱ्या दिवसापासून गल्ला सुरू, हा विचार काही चुकीचा नाही. गडबड अशी असते की मेसेजमध्ये जे जे विकायला काढलेलं असतं त्यातलं बरंचसं विकणाऱ्याचं नसतंच. जागा मालकाची, फ्रीज कोल्ड्रिंक कंपनीचा, अर्धा माल डिस्ट्रिब्युटरच्या उधारीवरचा, लायसन त्याच्या नावावरचं म्हणजे तुम्हाला उपयोग शून्य, आणि गिऱ्हाईक तर कोणाच्याच मालकीचं नसतं. म्हणून खाली जे जे लिहिलंय त्यात प्रत्येक वेळी एकच प्रश्न धरून ठेवा: हे आत्ता कोणाचं आहे, आणि पैसे दिल्यावर ते खरंच माझं होणार का?

मी बरीच वर्षं एफएमसीजी (साबण-बिस्किटासारखा रोजच्या वापराचा माल) डिस्ट्रिब्युटरकडे लाइनवर, म्हणजे दुकानोदुकानी ऑर्डर घ्यायला होतो, पिंपरी-चिंचवड साइडला, त्यामुळे दुकानं एका हातातून दुसऱ्या हातात जाताना भरपूर बघितलीत. हे सगळं भाड्याच्या जागेतल्या किराणा-जनरल स्टोअरबद्दल आहे. मेडिकल, वाइन शॉप यांचं प्रकरण वेगळं. रेशन दुकानाचा परवाना तर विकत घ्यायची गोष्टच नाही, "कागद माझ्याच नावावर राहू दे, चालवा तुम्ही" असं कोणी म्हणालं तर तिथूनच नमस्कार करून निघा.

सगळ्यात आधी जागेच्या मालकाला भेटा

बहुतेक लोक आधी गल्ला बघतात, माल बघतात, भाव करतात, टोकन देतात आणि मग मालकाकडे जातात. नेमकं उलटं करा. मालकच "नाही" म्हणाला किंवा भाडं दीडपट करतो म्हणाला तर बाकीची चौकशी करायची गरजच उरत नाही.

दुकान चालवणाऱ्याचं मालकाशी जे ॲग्रीमेंट असतं ते बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सचं असतं. ते त्या माणसाला दिलेलं असतं, दुकानाला नाही, त्यामुळे "माझी अजून तीन वर्षं शिल्लक आहेत, ती तुम्हाला देतो" या वाक्याला काही अर्थ नाही. मालकाने तुमच्या नावाने नवीन ॲग्रीमेंट करून दिलं पाहिजे आणि ते रजिस्टर झालं पाहिजे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे ते लेखी आणि नोंदणीकृतच लागतं. ११ महिन्यांचं नोटरी करून टाकू म्हणतील, ऐकू नका, दुकानाला ११ महिने म्हणजे काहीच नाही. पाच वर्षांचं मागा, दरवर्षी किती टक्के वाढ ते त्यातच लिहून घ्या, आणि लॉक-इन (ठरावीक काळ ॲग्रीमेंट मोडता येत नाही ती अट) असेल तर मालकाला पण लागू होईल असं बघा, नुसतं तुम्हालाच बांधून ठेवणारं लॉक-इन काय कामाचं.

मालकाला विचारायचे प्रश्न हे असे: नवीन भाडं किती, डिपॉझिट किती, जुन्याचं काही भाडं थकलंय का, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार आहे का. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला वेगळा विचारा, कारण मालक सांगेलच असं नाही. रीडेव्हलपमेंट झाली की नवीन गाळा मालकाला मिळतो, लिव्ह अँड लायसन्सवाल्याला शटर खाली ओढून निघावं लागतं, आणि तुम्ही गुडविल म्हणून, म्हणजे दुकानाच्या नावाचे आणि जमलेल्या गिऱ्हाईकाचे म्हणून दिलेले पैसे हवेत विरतात.

डिपॉझिटचा अजून एक घोळ होतो. विकणारा म्हणतो माझं मालकाकडे दीड लाख डिपॉझिट आहे, ते तुम्ही मला द्या आणि तुम्ही जाताना मालकाकडून घ्या. ठीक आहे, पण मालकाने नवीन ॲग्रीमेंटमध्ये "दीड लाख डिपॉझिट मिळालं" असं तुमच्या नावाने लिहून दिल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही. भाडं थकलंय म्हणून मालकाने त्यातले साठ हजार आधीच वळते केलेले असू शकतात.

समोरचा माणूस खरंच मालक आहे का तेही बघा. इंडेक्स टू (रजिस्ट्रार ऑफिसमधला जागेच्या खरेदीचा उतारा) बघा, प्रॉपर्टी टॅक्सची पावती कोणाच्या नावावर येते ते बघा. वडिलोपार्जित जागा असेल तर भावाभावांत वाटणी झालीय का, एक भाऊ भाडं घेतोय आणि दुसऱ्याची केस चालूय असं काही आहे का. पेठांमधली किंवा मुंबईतली जुनी पगडीची (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली) दुकानं असतील तर भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते पहिलं बघायचं, आणि ट्रान्स्फरला मालकाची लेखी संमती आणि त्याचा हिस्सा लागतो तो कोण भरणार ते आधी ठरवायचं, संमतीशिवाय घेतलं तर उद्या मालक बेकायदा पोटभाडेकरू म्हणून कोर्टात जाऊ शकतो. पगडीच्या व्यवहारात स्वतःचा वकील पाहिजेच, दोघांत मिळून एकच वकील ही आयडिया डोक्यातून काढून टाका.

जागेचं प्रत्यक्ष माप पण घ्या. ॲग्रीमेंटमध्ये १८० स्क्वेअर फूट आणि वापरात २६० असेल तर वरचे ८० कुठून आले? पुढे ओढलेलं पत्र्याचं शेड, फ्रंट मार्जिनमध्ये ठेवलेला कोल्ड्रिंकचा फ्रीज, भाजीचे क्रेट मांडलेला ओटा. हे सगळं अतिक्रमणची गाडी आली की एका सकाळी जातं, आणि बऱ्याच छोट्या दुकानांचा निम्मा डिस्प्ले त्या ओट्यावरच असतो. रस्ता डीपीमध्ये (शहराच्या विकास आराखड्यात) रुंद होणार आहे का तेही महापालिकेत विचारून घ्या.

गल्ला खरा किती, ते चार बाजूंनी तपासा

विकणारा सांगतो तो आकडा ऐकून घ्या, वहीत लिहा, वाद घालू नका. मग तो आकडा उभा राहतो का ते बघा.

पहिली टेस्ट घरबसल्या होते. रोजचे २० हजार म्हणजे वर्षाचे ७२-७३ लाख. मालाच्या धंद्यात महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे. मग विचारा, जीएसटी नंबर आहे का? नाही म्हणाला तर दोनच शक्यता, एकतर गल्ला २० हजार नाही किंवा आहे पण सरकारला दाखवलेला नाही, आणि दोन्ही केसमध्ये तुमची भाव करायची ताकद वाढली. सुटं धान्य वगैरे बराच माल करमुक्त असतो हे खरं, पण साबण, बिस्किट, तेल ठेवणाऱ्याची उलाढाल मोजताना करमुक्त मालसुद्धा धरला जातो.

नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाका, लॉगिन लागत नाही. नाव, पत्ता, नोंदणी चालू की रद्द, कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठी उलाढालीवर ठोक टक्क्याने कर भरायची योजना) आहे की रेग्युलर, रिटर्न वेळेवर भरलेत का, सगळं दिसतं. उलाढालीचा आकडा मात्र तिथे नसतो, त्यासाठी त्याच्याकडून भरलेल्या रिटर्नच्या कॉप्या घ्या.

इन्कम टॅक्सचं रिटर्न दाखवतील, त्यावर फार विसंबू नका. छोटे दुकानदार बहुतेक अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत भरतात, म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के, डिजिटल आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून मोकळे. तो नफा कायद्याने धरलेला आहे, दुकानाने कमावलेला नाही. उलाढालीचा आकडा बघा आणि कागद बाजूला ठेवा.

खरी गोष्ट खरेदीच्या बिलांत असते. विक्री फुगवून सांगता येते, खरेदी फुगवायला माल आणावा लागतो. सहा महिन्यांची बिलं मागा, दसरा-दिवाळीचे महिने वेगळे काढा, बाकीच्या महिन्यांची सरासरी काढा. महिन्याला चार लाखांचा माल येत असेल तर विक्री साडेचारच्या आसपास असणार, सहा लाख नाही. "मार्केट यार्डातून रोखीत आणतो, बिल नसतं" हे उत्तर हमखास येतं. मग टेम्पोवाल्याच्या आणि हमालीच्या चिठ्ठ्या दाखवा म्हणायचं, डाळ-तांदळाची पोती काही खिशात घालून आणता येत नाहीत.

आणि लाइनवाल्या पोरांना विचारा. दुकानात कुठल्या वारी कुठल्या कंपनीचा सेल्समन येतो ते बघून ठेवा आणि बाहेर चहाला गाठा. "या दुकानाची ऑर्डर वाढलीय का कमी झालीय?" एवढंच विचारा. त्याला आठवड्याची ऑर्डर तोंडपाठ असते, चेक बाऊन्स झाला होता का ते माहीत असतं, आणि कधीपासून पूर्ण पेटीऐवजी अर्धी पेटी घ्यायला लागलेत हे पण तो सांगतो. मरायला लागलेलं दुकान सगळ्यात आधी सेल्समनला कळतं.

यूपीआयचं स्टेटमेंट मागायचंच, पण बँकेचं मागा, ॲपचा स्क्रीनशॉट नको. त्यात एकाच नंबरवरून रोज दोन-तीन हजार येतायत का, संध्याकाळी तेवढेच परत जातायत का ते बघा. दुकान विकायला काढायच्या आधी दोन-तीन महिने भावाच्या खात्यातून स्कॅन मारून स्टेटमेंट सजवणारे महाभाग असतात.

शेवटचं म्हणजे काउंटरवर बसा. विकणाऱ्याला सरळ सांगा की मला बसायचंय, खरा माणूस हरकत घेत नाही. एकच दिवस बसून उपयोग नाही, महिन्याचा पहिला आठवडा पगाराचा असतो, शेवटच्या आठवड्यात लोक साखर पाव किलो घेतात. एक रविवार, एक साधा वार, पहिल्या आठवड्यातला एक आणि शेवटातला एक, असं धरा. सकाळी दुधाचे क्रेट किती उतरले आणि संध्याकाळी किती पिशव्या उरल्या ते मोजा, दुधाला येणारं गिऱ्हाईक हेच रोजचं गिऱ्हाईक असतं. ओळखीपाळखीचे लोक बोलावून गर्दी दाखवली जातेय का तेही कळतं, कारण नेहमीचं गिऱ्हाईक काय पाहिजे ते बोलत बोलत आत शिरतं, बोलावलेलं गिऱ्हाईक इकडेतिकडे बघत उभं राहतं.

त्याला सुटतात ते तुम्हाला सुटतील का

या एका हिशोबात सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि गंमत म्हणजे विकणारा खोटं बोललेलाच नसतो.

समजा तपासून गल्ला १५ हजार निघाला. महिन्याचे साडेचार लाख. किराणात मार्जिन मालागणिक बदलतं, साखर-तेलात दोन ते चार टक्के, बिस्किट-साबणात आठ-दहा-बारा, सुटा मसाला, ड्रायफ्रूट, स्टेशनरी यांत जास्त, सगळं मिळून सरासरी १२ टक्के धरू, म्हणजे ५४ हजार. विकणाऱ्याचं भाडं जुनं, ११ हजार. लाइट साडेचार हजार, पिशव्या-नेट-खराब माल वगैरे साडेतीन हजार. दुकानात तो, दुपारी बायको, सकाळी वडील. पगार कोणालाच नाही. उरले ३५ हजार. तो म्हणतो "पस्तीस सुटतात", खरंच सुटतात.

आता तुम्ही. नवीन भाडं २० हजार. घरचं कोणी बसणारं नाही म्हणून एक पोरगा, १२ हजार. लाइट आणि बाकी तेच ८ हजार. ५४ मधून ४० गेले, उरले १४ हजार, आणि सकाळी सहा ते रात्री साडेदहा तुम्ही स्वतः उभे. त्यात दुकान घ्यायला ८ लाखांचं कर्ज काढलं असेल, १२ टक्क्याने पाच वर्षांसाठी, तर हप्ताच १७,८०० च्या आसपास बसतो. म्हणजे दर महिन्याला घरातून घालायचे.

त्यामुळे त्याला किती सुटतात हे विचारून झालं की कागद घ्या आणि तुमचं भाडं, तुमची माणसं, तुमचा हप्ता घालून परत मांडा. गुडविल किती द्यायचं हे या तुमच्या आकड्यावर ठरतं, त्याच्या आकड्यावर नाही. माझं मत विचाराल तर सगळा खर्च जाऊन, स्वतःचा पगार धरून वर जे उरतं त्याच्या वर्षभरापेक्षा जास्त गुडविल भाड्याच्या जागेतल्या किराण्याला देऊ नये. आणि वर काही उरतच नसेल तर गुडविल शून्य, फक्त माल आणि फर्निचरचे पैसे.

मालाची मोजणी

"माल अंदाजे चार लाखांचा आहे" यातला अंदाजे शब्द खोडून टाका. मोजणी शटर पाडल्यावर रात्री करायची, दोघांनी मिळून, रॅकप्रमाणे, एकाने मोजायचं दुसऱ्याने लिहायचं, आणि ताबा घ्यायच्या आदल्या रात्रीच करायची, आठ दिवस आधी केली तर मधल्या काळात चांगला माल विकला जातो आणि नवीन भरला जात नाही. किंमत खरेदीची लावायची, एमआरपीची नाही. मोफत स्कीममध्ये आलेले पीस खरेदीच्या भावाने लावलेत का तेही बघा.

मोजताना तीन ढीग पाडा. चालणारा माल, म्हणजे एक्सपायरीला तीन महिन्यांपेक्षा जास्त आणि पुढच्या रांगेतला. तारीख जवळ आलेला, हा निम्म्या भावाने किंवा नाहीच. एक्सपायर आणि फुटका, तो त्याने त्याच्या सेल्समनला परत करावा, तुमच्या गळ्यात नको. रॅकच्या पुढच्या रांगेवर जाऊ नका, हात मागे घाला, मागे धूळ बसलेले शाम्पू आणि चार वर्षांपूर्वीचे डास मारायचे रिफिल सापडतात. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याआधीच्या जुन्या एमआरपीचा माल अजून पडून असेल तर तो एक तर विकलाच जात नाहीये किंवा गिऱ्हाईक भांडतंय, त्याला पूर्ण किंमत देऊ नका.

सुट्या धान्याला वरून बघून काही कळत नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला आणि तळातली मूठ काढून पांढऱ्या कागदावर पसरा. तांदळात सोंडे चालताना दिसतात, रव्याला जाळी धरलेली असते, तुरीच्या डाळीला भोकं असतात, हाताला पीठ लागलं तर आत किडा आहे. वास घ्या, शेंगदाणा खवट झाला की लगेच कळतो.

गुटखा सापडला तर मोजू नका, उचलायला सांगा, महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि ताबा घेतल्यावर सापडला तर तुमचा. तसंच बंदी असलेल्या प्लास्टिक पिशव्यांचे गठ्ठे. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत सिगारेट-तंबाखू विकता येत नाही, दुकान तिथे असेल आणि गल्ल्यातला मोठा वाटा त्याचाच असेल तर तो वाटा हिशोबातून वजा करा.

फ्रीज, काटा, मीटर

फर्निचरच्या यादीत "डीप फ्रीझर १, कोल्ड्रिंक फ्रीज १" असं लिहून पन्नास-साठ हजार लावलेले असतात. फ्रीजवर कंपनीचं नाव रंगवलेलं असेल तर तो बहुतेक कंपनीचाच असतो, डिपॉझिटवर किंवा फुकट ठेवायला दिलेला. बाजूच्या किंवा मागच्या पट्टीवरचा ॲसेट नंबर बघा, फोटो काढा आणि त्या डिस्ट्रिब्युटरला विचारा. तो तुमच्या नावावर करून देतील का, किती माल उचलावा लागेल ते ठरवा. किंमत फक्त डिपॉझिटच्या पावतीएवढी.

इलेक्ट्रॉनिक काट्याला वजनमापे खात्याचा शिक्का दरवर्षी लागतो, काट्यावरचं सील आणि सर्टिफिकेटची तारीख बघा. दोन किलोचं प्रमाणित वजन ठेवून बघायला विसरू नका.

लाइटचं बिल हातात घ्या. मीटर कमर्शियल आहे का घरगुती? मागच्या खोलीच्या घरगुती मीटरवरून दुकानात वायर ओढलेली असेल तर तो अनधिकृत वापर होतो, वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये दुप्पट दराने आकारणी येते. थकबाकी असेल तर ती त्याच्याकडूनच भरून घ्या, कारण महावितरण जागेच्या मीटरकडे बघते, दुकान कधी बदललं ते तिला घेणं-देणं नाही.

उधारी, दोन्ही बाजूंची

गिऱ्हाईकांकडून येणं असलेली उधारीची वही विकत घेऊ नका. "साठ हजार येणं आहे, तुम्हाला पन्नासला देतो", नको. ती त्याने वसूल करावी. तुम्ही नवीन, पहिल्याच आठवड्यात कोणाकडे जुने पैसे मागायला गेलात तर तो रस्ता बदलतो आणि उधारी गेली ती गेली, गिऱ्हाईक पण जातं. वही मात्र बघून घ्या. कोण महिन्याला चुकता करतं, कोण दोन वर्षं लोंबकळतंय, ही माहिती लाखमोलाची आहे. गल्ल्यातला किती भाग उधारीचा हेही कळतं, तो जास्त असेल तर तुम्हाला खेळतं भांडवल तेवढंच जास्त लागणार.

दुसरी बाजू म्हणजे त्याने कोणाकोणाचं द्यायचंय. मुख्य डिस्ट्रिब्युटरांची यादी घ्या, प्रत्येकाला फोन करा, बाकी किती ते विचारा. मालावर बँकेचं सीसी लोन (माल तारण ठेवून घेतलेलं खेळतं कर्ज) किंवा पतसंस्थेचं कर्ज आहे का? असेल तर तो माल बँकेकडे तारण आहे, बँकेचं नो ड्यूज आल्याशिवाय हात लावू नका. रोज संध्याकाळी बचतीचे पैसे गोळा करायला येणाऱ्या पिग्मी एजंटशी सहज बोला, दुकान का विकतायत याचं खरं कारण पुष्कळदा तिथेच समजतं.

हे कायद्याने तुमच्यावर येत नाही, लायसन नवीन आहे, असं म्हणून सोडून देऊ नका. जीएसटीच्या बाबतीत तर सरळ येतं: सीजीएसटी कायद्याचं कलम ८५ सांगतं की धंदा विकला तर हस्तांतरापर्यंतच्या थकलेल्या कराला, व्याजाला आणि दंडाला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार, मागणी नंतर निघाली तरीही.

लायसन

यातलं काही ट्रान्स्फर होतं या आशेवर राहू नका. जीएसटी नंबर पॅनवर असतो, त्यामुळे तुमचा नवीन. नोंदणीकृत दुकान चालू धंदा म्हणून घेतलं तर हस्तांतराच्या तारखेपासून तुम्हाला नोंदणी लागते, ४० लाखांची वाट बघता येत नाही. त्याच्या खात्यात इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) शिल्लक असेल आणि तुम्ही देणी पण घेत असाल तर आयटीसी-०२ फॉर्मने ते येऊ शकतं, सीएचं सर्टिफिकेट लागतं, कंपोझिशनवाल्याच्या केसमध्ये हा विषयच नाही.

एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थ विकायचं लायसन तुमच्या नावाने नवीन काढा, त्याचा १४ अंकी नंबर भिंतीवर दिसला तरी तो त्याचा आहे. गुमास्ता (शॉप ॲक्टची नोंदणी) ऑनलाइन होतो, वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणीऐवजी सूचना दिली की झालं. प्रोफेशन टॅक्सचा नंबर वेगळा घ्या, वर्षाला २,५०० रुपये. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत, माणसं कितीही कमी असली तरी हा नियम लागू आहे.

एरियात फिरा

दुकानाच्या पत्त्यावर उभं राहून फोनवर ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट उघडा. तिन्ही दहा-पंधरा मिनिटांत देतो म्हणत असतील तर थोडं थांबून विचार करा, विशेषतः आजूबाजूला नोकरदारांचे टॉवर असतील तर. डीमार्ट किती लांब आहे? महिन्याचा किराणा तिकडे जातो आणि तुमच्याकडे दूध, ब्रेड, अंडी आणि "अरे मीठ संपलं" एवढंच उरतं. तशा दुकानात तांदळाची पोती भरून ठेवणं हा पैसे अडकवायचा प्रकार, तिथे माल वेगळा लागतो.

गिऱ्हाईक कोण आहे ते ओळखा. बाजूला मोठी साइट चालू असेल आणि संध्याकाळचं सगळं गिऱ्हाईक लेबर कॅम्पवरचं असेल तर साइट संपली की अर्धा गल्ला गेला, पझेशन कधी आहे ते बिल्डरच्या बोर्डवर वाचा. कॉलेज होस्टेलच्या दुकानाला मे महिन्यात जाऊन बघा. एमआयडीसीच्या गेटसमोरच्या दुकानाला रविवारी आणि कंपनीच्या सुट्टीत.

तो का विकतोय, आणि पुढे काय करणार

"गावी जातोय", "तब्येत", "मुलाला नोकरी लागली", सगळी कारणं खरी असू शकतात. पण तो दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या गाळ्यात नवीन दुकान टाकणार असेल तर तुमचं सगळं गुडविल त्याच्या मागे चालत जाईल. याला उपाय आहे. एरवी आपल्याकडे कोणाला धंदा करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल असतो, पण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मध्ये गुडविल विकणाऱ्यासाठी अपवाद दिलाय. त्यामुळे ठरावीक हद्दीत, उदाहरणार्थ दोन किलोमीटरमध्ये, ठरावीक वर्षं त्याने तसाच धंदा करायचा नाही हे कलम टाका. हद्द आणि मुदत वाजवी ठेवा, "पुणे जिल्ह्यात कधीच नाही" असं लिहिलं तर कोर्टात टिकणं अवघड. आणि करारात गुडविलची रक्कम वेगळी दाखवा, सगळे पैसे मालाचे म्हणून लिहिले तर या अपवादाचा आधार डळमळीत होतो. बायको-मुलगा-भाऊ यांच्या नावाने दुकान टाकायचा मार्ग असतोच, म्हणून त्यांच्याही सह्या घ्या.

लोक एक गोष्ट हमखास विसरतात, दुकानाचा फोन नंबर. आजकाल निम्म्या बायका यादी व्हॉट्सॲपवर टाकतात आणि पोरगा पिशवी पोचवतो. तो नंबर विकणाऱ्याच्या खिशात राहिला तर ऑर्डर त्याच्याच फोनवर येत राहणार. सिम तुमच्या नावावर करून घ्या, गूगल मॅपवरच्या दुकानाचं नियंत्रण घ्या, त्याचा क्यूआर आणि साउंडबॉक्स पहिल्याच सकाळी काढून तुमचा लावा, नाहीतर तुम्ही माल द्याल आणि पैसे त्याच्या खात्यात.

पैसे आणि करार

टोकन छोटं द्या आणि पावतीवर लिहून घ्या: मालकाने ॲग्रीमेंट करून दिलं नाही किंवा हिशोब जुळला नाही तर टोकन परत. वकिलाकडून लोकल पेपरमध्ये जाहीर नोटीस द्या, या दुकानाकडून कोणाचं काही येणं असेल तर १५ दिवसांत कळवा म्हणून. दोन हजारांचा खर्च वाचवायला जाऊ नका, नोटीस छापून आली की लपलेले घेणेकरी घरी येतात.

करारात माल, फर्निचर, गुडविल आणि डिपॉझिट चारही वेगवेगळे लिहा, सोबत मोजणीची यादी आणि फर्निचरची यादी दोघांच्या सह्यांनी जोडा. ताब्याच्या तारखेआधीचं सगळं देणं त्याचं, नंतरचं तुमचं, हे एक वाक्य स्पष्ट पाहिजे. पैसे बँकेतूनच. "थोडं कॅशमध्ये करू" म्हणतील, पण एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, आणि कॅशमध्ये दिलेलं गुडविल कागदावर नसल्यामुळे वाद झाला तर तुम्ही ते दिलंच नाही असं होतं.

सगळे पैसे ताब्याच्या दिवशी देऊ नका. दहा-पंधरा टक्के तीन महिने मागे ठेवा, जुनी बिलं निघाली तर त्यातून वळती करायची. तो कुरकुर करेल, मग पुढच्या तारखेचा चेक देतो म्हणा आणि कुठल्या अटीवर तो चेक भरायचा ते करारात लिहा. शिवाय पहिले पंधरा दिवस त्याने रोज दोन-तीन तास काउंटरवर तुमच्या बाजूला बसायचं हेही लिहून घ्या, गिऱ्हाईकांशी ओळख, कोण कुठला ब्रँड नेतं, कुठल्या काकूंना कोलम जुनाच लागतो, डिस्ट्रिब्युटरशी उधारीची मुदत, हे सगळं त्या पंधरा दिवसांतच तुमच्याकडे येतं. या अटीला जो अजिबात तयार होत नाही त्याच्याशी व्यवहार करायची मला तरी हिंमत होणार नाही.